कॅन्सर, व्हॉट्सॲपचे गट आणि आपण

आपल्या घरांमध्ये कॅन्सरचं नाव घेत नाहीत. ‘वो बीमारी’ म्हणतात, तेही आवाज खाली घेऊन. खालाच्या छातीत गाठ आहे हे तिच्या सख्ख्या बहिणीला ऑपरेशन झाल्यावर कळतं, कारण घरात दोन मुली लग्नाच्या आहेत आणि बातमी फुटली तर आलेले रिश्ते परत जातील ही धास्ती. चाचांच्या गालातली जखम सहा महिने ‘सुपारीनं तोंड आलंय’ म्हणून झाकली जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्यानं कॅन्सर झाला. त्यात पहिला क्रमांक स्तनाच्या कॅन्सरचा आणि दुसरा तोंडाच्या कॅन्सरचा. तुमच्या मोहल्ल्यात कुणालाच कॅन्सर नाही असं वाटत असेल, तर बातमी तुमच्यापर्यंत पोहोचलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

या लपवालपवीवर आपल्याकडे भाषणं पुष्कळ झाली आहेत. मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. नाव न घेणाऱ्या याच घरांमधली माणसं रात्री एक-दीडला मोबाईल हातात घेऊन कुठल्यातरी अनोळखी माणसाला विचारत असतात, ‘चौथ्या केमोनंतर तुमच्या आईचे हात-पाय सुन्न झाले होते का?’ कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे नातेवाईक यांचे ऑनलाइन गट आता सगळीकडे आहेत. फेसबुकवर आहेत, टेलिग्रामवर आहेत, आणि महाराष्ट्रात मुख्यतः व्हॉट्सॲपवर आहेत. प्रश्न हा आहे की ते कसे चालतात, कोण चालवतं, आणि आपली माणसं त्यात आहेत का.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझं गाव सोलापूर जिल्ह्यात. २०१९ मध्ये अम्मीच्या स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि पुढची दीड-दोन वर्षं मी तीन गटांमध्ये होतो. एक इंग्रजी, त्यात बहुतेक लोक परदेशातले. एक हिंदी, देशभरातल्या नातेवाइकांचा. एक मराठी, जेमतेम दीडशे जणांचा. अम्मी आज ठीक आहे, दर सहा महिन्यांनी तपासणीला येते. उपचार डॉक्टरांनी केले, गटानं नाही. हे आधीच स्पष्ट करतो, कारण अशा लेखांत पुढे जाऊन ‘गटानं जीव वाचवला’ असं काहीतरी येतं, तसं या लेखात येणार नाही.

गटानं काय दिलं ते सांगतो. डॉक्टरांकडे आमच्या वाट्याला सात-आठ मिनिटं यायची. बाहेर दोनशे माणसं बसलेली असताना त्यांच्याकडून जास्त मागणंही बरोबर नव्हतं. त्या मिनिटांत ते औषध सांगायचे. पण औषधाच्या आजूबाजूला एक मोठं जग असतं, त्याची माहिती कुठल्याच कागदावर नसते. केमोनंतर तोंडाला लोखंडासारखी चव येते, तेव्हा स्टीलचा चमचा बाजूला ठेवून प्लास्टिकचा किंवा लाकडी वापरून बघावा. केमोच्या खोलीत एसी असतो, शाल न्यावी. फाइलच्या झेरॉक्सचे दोन संच करून एक घरी ठेवावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, तर ते दाखल होण्याआधी निस्तरावं. आपल्या बायकांच्या बाबतीत हे हमखास होतं, एकीकडे ‘बी’ असतं, दुसरीकडे ‘बेगम’ आणि तिसरीकडे नुसतंच नाव. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते; त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. हे मला रेल्वेनं सांगितलं नाही, रुग्णालयानंही नाही. नांदेडच्या एका रिक्षावाल्यानं सांगितलं. त्याची बायको आमच्या आधी त्या वाटेनं गेली होती.

मोठ्या रुग्णालयांच्या आसपास हे ज्ञान आधीपासून फिरत होतंच. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये परळला सुरू झालं. तिथं येणाऱ्या बाहेरगावच्या माणसांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तिथं स्वयंपाक करता करता बायका एकमेकींना जे सांगतात तेच हे. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून बाहेर पडल्यावर १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ संस्था सुरू केली. तिथले अनेक स्वयंसेवक स्वतः या आजारातून गेलेले. फरक एवढाच की धर्मशाळेतली ओळख मुक्काम संपला की संपते, आणि अक्कलकोटच्या किंवा किनवटच्या घरात बसलेल्या बाईला ती मिळतच नाही.

इंटरनेटनं काय बदललं याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कच्या जील फ्रिडमन यांच्या पत्नीला स्तनाचा कॅन्सर झाला. ते ईमेलवर चालणाऱ्या रुग्णांच्या एका गटात पोहोचले, तिथल्या माहितीनं थक्क झाले आणि मग त्यांनी ‘एकॉर’ ही संस्था काढून वेगवेगळ्या कॅन्सरसाठी असे गट उभे केले. पुढे ते शंभरावर गेले. त्यातला एक गट जिस्ट नावाच्या ट्यूमरचा होता. हा पोट-आतड्याच्या भिंतीतला दुर्मिळ ट्यूमर. एका शहरात याचे दोन रुग्ण एकमेकांना भेटणंसुद्धा अवघड. २००० च्या सुमारास त्यावर ग्लिव्हेक या नव्या गोळीच्या चाचण्या सुरू झाल्या. चाचणीतले रुग्ण वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या रुग्णालयांत, पण गटात रोज एकमेकांशी बोलत होते. कुणाला किती मात्रा दिली, कुणाचे डोळे सुजले, कुणाला पेटके आले, हे ते नीट गोळा करू लागले. त्यांच्यातूनच २००२ मध्ये ‘लाइफ राफ्ट ग्रुप’ ही संघटना झाली. सुरू करणारे नॉर्मन शर्झर सार्वजनिक आरोग्य खात्यात काम केलेले होते आणि त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. म्हणजे ‘बिचारे रुग्ण एकमेकांना धीर देतायत’ एवढंच ते चित्र नव्हतं. हिशेब ठेवणारी, नोंदी करणारी, डॉक्टरांना उपयोगी पडणारी ती माणसं होती.

याच गोळीमुळे भारतातही एक मोठं जाळं उभं राहिलं. ग्लिव्हेक प्रामुख्यानं एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर चालते आणि ती महाग होती. मॅक्स फाउंडेशनमार्फत अनेक भारतीय रुग्णांना ती मोफत मिळू लागली. गोळी रोज, वर्षानुवर्षं घ्यायची असते. बरं वाटायला लागलं की माणूस ती सोडतो. सोडू नये म्हणून गोळी घेणाऱ्यांचीच ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ ही मंडळी शहराशहरांत भेटू लागली. गोळी घेऊन दहा वर्षं जगलेला माणूस समोर उभा राहून ‘सोडू नको’ म्हणतो, तेव्हा त्याला वेगळं वजन असतं.

आता जरा सावधपणे. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला गटात बसून बोलत होत्या, त्या इतर स्त्रियांपेक्षा सरासरी जवळपास दुप्पट काळ जगल्या, असा त्याचा निष्कर्ष. खूप गाजावाजा झाला. मग कॅनडात पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणात केला. २००१ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढत नाही. पण मनावरचा ताण आणि वेदना कमी होतात, आणि ज्या स्त्रिया सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा होतो. मला हा दुसरा निकालच जास्त आवडतो. गटात या, जास्त जगाल, असं सांगायची गरज नाही. दुखणं थोडं कमी होत असेल तर तेवढं पुरे आहे. घरात कुणाला वेदनेनं तळमळताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ‘थोडं कमी’ म्हणजे किती ते माहीत असतं.

आपल्या तरुणांनी या कामात का पडावं, याचं कारण आपल्या प्रश्नांमध्येच आहे. दंडात केमोची नळी बसवलेली आहे, ती भिजू द्यायची नाही. वजू कसा करायचा? आतड्याचा कॅन्सर झालेल्या एका गृहस्थांच्या पोटाला पिशवी लावलेली होती. मशिदीत जायचं त्यांनी बंद केलं, घरातही नमाज सोडली, कारण पिशवीत घाण असताना आपण पाक कसे, हा विचार. हे ते इमामसाहेबांना सगळ्यांदेखत विचारू शकत नव्हते, आणि डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पिशवी लावून दहा वर्षं नमाज पढणाऱ्या दुसऱ्या एका माणसानं त्यांना फोन केला आणि सांगितलं की फिकहमध्ये अशा माणसाला माजूर म्हणतात, त्याच्यासाठी सवलत आहे, तुमच्या इमामांना एकटं गाठून विचारा. इंग्रजी गटात हा प्रश्न टाकता आला असता का? टाकताही आला असता, पण त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मराठी गटात? ते लाजले असते.

रमजानचंही तसंच. केमो चालू असताना रोजे ठेवू नका असं डॉक्टर सांगतात, आणि आजारी माणसाला धर्मानंच सूट दिलेली आहे हे आपण सगळे जाणतो. तरी घरातली मोठी बाई ऐकत नाही. चाळीस वर्षांत एक रोजा सोडलेला नाही, आता सोडू? मुलानं समजावलं, सुनेनं समजावलं, उपयोग नाही. अम्मीच्या बाबतीत काम केलं ते मिरजेकडच्या एका आपांच्या ध्वनिसंदेशानं. त्यांनी दखनीत सांगितलं, ‘मैं भी नहीं रक्खी दो साल. फिदया दी. अल्ला को मालूम है ना सब.’ बस, एवढंच. अठ्ठावीस सेकंदांचा संदेश. अम्मीनं तो चार वेळा ऐकला आणि सहेरीला उठणं थांबवलं.

पण म्हणून ‘मुस्लिम कॅन्सर गट’ असा वेगळा कप्पा करावा, असं मला वाटत नाही. यावर आमच्यात वाद झाले आहेत आणि माझं मत ठाम आहे. गाठीला जात-धर्म नसतो, योजनेचा फॉर्म सगळ्यांना एकच असतो, आणि दीडशे जणांच्या मराठी गटात जे ज्ञान जमतं ते आपल्या वीस जणांच्या गटात जमणार नाही. मुख्य गट सगळ्यांचा आणि मराठीत असावा. त्याच्या शेजारी, वजू-रोजे-पिशवीसारख्या प्रश्नांसाठी छोटी खोली असावी, आणि बायकांसाठी आणखी एक, जिथं पुरुष ॲडमिनसुद्धा नसेल. रेडिओथेरपीच्या टेबलावर पुरुष तंत्रज्ञासमोर कपडे कसे बाजूला करायचे, स्त्री तंत्रज्ञ मागता येते का, ऑपरेशननंतर विणलेला कृत्रिम स्तन मोफत देणाऱ्या संस्था कुठं आहेत, नवरा जवळ येत नाही तर काय, हे प्रश्न बायका पुरुषांच्या देखत विचारत नाहीत. विचारावेत अशी अपेक्षाही ठेवू नये.

सगळ्यांच्या गटात आपल्याला त्रास होत नाही असं मात्र नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी आणि मरकजच्या बातम्या चालू असताना, आमच्या मराठी गटात कुणीतरी मुसलमान फळांवर थुंकतात असा व्हिडिओ टाकला. लातूरकडची एक मुलगी, नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर, गटात प्लेटलेट देणाऱ्यांची यादी तीच सांभाळायची. काही न बोलता गटातून निघून गेली. दोन दिवस यादी कुणाकडे नव्हती. गट चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी व्हिडिओ काढला, टाकणाऱ्याला फोन केला, त्या मुलीलाही केला आणि तिला परत आणलं. मग नियम लिहिला: इथं आजाराशिवाय दुसरं काही नाही; सुप्रभात नाही, देव नाही, मौलाना नाहीत, नेते नाहीत. त्यानंतर गट जास्त शांत झाला आणि जास्त उपयोगी. आपण बाहेर पडलो तर असे नियम आपल्याशिवाय होतील, किंवा होणारच नाहीत.

दुसरं दुखणं औषधांच्या फॉरवर्डचं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा कॅन्सर लिंबूपाणी, हळद, कडुलिंब अशा आहारानं बरा झाल्याचं सांगितलं. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, पण फॉरवर्डमध्ये तेवढंच गळालं. टाटा रुग्णालयातल्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावं लागलं की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. आपल्याकडे हळदीच्या जागी कलौंजी, शहद आणि जमजम असतं. श्रद्धेची चेष्टा करणारा माणूस मी नाही. अम्मीच्या उशाशी जमजमची बाटली मीच ठेवली होती. पण येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेला अभ्यास एकदा वाचावा. न पसरलेला, म्हणजे बरा होण्याजोगा कॅन्सर असताना ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. कलौंजी खायची तर आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून, उपचार चालू ठेवून खा. ‘केमो सोडून हे घ्या’ हे वाक्य ज्या गटात टिकतं, तो गट बंद केलेला बरा.

आमच्या गटात त्यासाठी साधी रेष आखली होती. सांगायचं ते स्वतःचं: मला काय झालं, मी कुठं गेलो, डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारला. दुसऱ्यानं काय घ्यावं हे सांगायचं नाही. आणि एका प्रश्नाला एकच उत्तर. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर गटात चर्चा नाही, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघणं नाही, लगेच रुग्णालय. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो. हे वाक्य गटाच्या माथ्यावर कायम लावलेलं असायचं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. २०१८ मध्ये अमेरिकेत अँड्रिया डाउनिंग यांच्या लक्षात आलं की फेसबुकवरच्या आपल्या ‘बंद’ गटाची सदस्ययादी बाहेरच्यांनाही काढता येते. त्यांचा गट ब्रॅका जनुकात दोष असलेल्या, म्हणजे स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांचा होता. ब्राउझरला एक छोटं जोडसॉफ्टवेअर लावलं की नावं एकगठ्ठा उतरवून घेता येत होती. त्यांनी आणि फ्रेड ट्रॉटर या तज्ज्ञानं फेसबुककडे तक्रार केली. त्याच वर्षी फेसबुकनं बंद गटांच्या याद्या बाहेरच्यांपासून झाकल्या. गटातलं कुणाचं एक वाक्यही फुटलं नव्हतं. नुसती यादी. पण अशा गटात नाव असणं हीच सगळ्यात खासगी माहिती.

आपल्याकडे तर यादी चोरावीही लागत नाही. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. लिंक फिरवून माणसं गोळा केली की त्यात औषध विकणारा येतो, विमा विकणारा येतो, आणि तुमच्या होणाऱ्या व्याह्याच्या गावचा माणूसही येतो. एखादी बाई संध्याकाळी लिहिते ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’, आणि रात्री तिला ‘जडीबुटीनं शंभर टक्के गॅरंटी’ असा खासगी मेसेज. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रिश्ता तुटेल म्हणून बाया लपवतात यावर आपण नाकं मुरडतो, पण तिची भीती खरी असेल तर तिला सुरक्षित जागा देणं हे आपलं काम. ते अवघड नाही. लिंक सार्वजनिक करू नका, प्रत्येकाशी फोनवर बोलूनच आत घ्या. डीपीला स्वतःचा फोटो नको, नावाऐवजी टोपणनाव चालेल. व्हॉट्सॲपच्या ‘कम्युनिटी’तल्या सूचनांच्या गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, माहिती देण्यासाठी तो वापरा. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो. रिपोर्टचा फोटो टाकण्याआधी नाव आणि फाइल नंबर खोडायला शिकवा. कुणाचा रिपोर्ट बाहेर फॉरवर्ड केला की तो माणूस बाहेर, समज देणं वगैरे काही नाही.

जे सांभाळतात त्यांचा गट रुग्णांपासून वेगळाच हवा. हे मी आग्रहानं सांगतो. नातेवाइकाला विचारायचं असतं, ‘अजून किती दिवस?’ त्याला कधी नुसतं लिहायचं असतं की मी थकलो, मला आता हे संपावंसं वाटतंय, आणि असं वाटतं म्हणून मी वाईट आहे का. हे रुग्णानं वाचू नये. आपल्या घरांत सांभाळणारी बहुतेक सून किंवा मुलगी असते आणि पैशांची जमवाजमव मुलगा करतो. ती रडली तरी चालतं, तो रडत नाही. हिंदी गटात रात्री बाराच्या पुढे लिहिणारे सगळे मुलगे असायचे.

आणि मृत्यू. गटात दर महिन्याला कुणीतरी जातं. बातमी आली की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि मग्फिरतीच्या दुआ धरून साठ-सत्तर संदेश पडतात. भावना चांगलीच असते. पण त्याच गटात तोच आजार, तीच अवस्था असलेली बाई उद्याच्या केमोची पिशवी भरत असते, आणि तिचा फोन तासभर वाजत राहतो. शिक्षिकाबाईंनी ठरवलं की बातमी ॲडमिननं एका ओळीत द्यायची, बाकीच्यांनी घरच्यांना खासगीत लिहायचं, आणि जे खचतील त्यांना त्या दिवशी कुणीतरी फोन करायचा. फोन कुणी करायचा याची पाळी लावलेली होती. असे गट चालवणारी माणसं लवकर थकतात, तेव्हा ॲडमिनचीही पाळी लावावी. तीन महिने काम, मग सुट्टी.

व्हॉट्सॲपचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो तो वेगळाच. त्याला आठवण नाही. अमेरिकेतल्या त्या जुन्या ईमेल गटांचा मजकूर साठून राहायचा, नवा माणूस पाच वर्षांपूर्वीचं उत्तर शोधून काढायचा. आमच्या गटात ‘रेल्वेचा दाखला कुठं मिळतो’ हा प्रश्न महिन्यात सहा वेळा यायचा, आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो सहाव्या वेळी गप्प बसायचा. आमच्या कामात सापडलेला दोष आम्ही कुठंतरी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्याला तोच पुन्हा शोधावा लागत नाही. तेवढंच इथं केलं. एक साधी फाइल उघडली आणि दर रविवारी आठवड्याभरातली कामाची उत्तरं तिच्यात उतरवू लागलो. औषधाबद्दल काही असेल तर ते गटातल्या एका परिचारिकेला दाखवून, शंका असेल तर गाळून.

तुमच्यापैकी अनेक जण रमजानमध्ये कुणाच्या ना कुणाच्या उपचारासाठी पैसे गोळा करता, क्यूआर कोड फिरवता, रक्तदान करता. ते चालूच ठेवा. त्यातल्या दोघांनी आठवड्याचे चार तास या कामाला दिले तर एका तालुक्याचा गट उभा राहतो. डिग्री लागत नाही. टाइप करता न येणाऱ्या बायकांचे ध्वनिसंदेश ऐकून त्यातलं कामाचं लिहून काढणारी एक मुलगी, योजनेच्या कागदांची माहिती असलेला एक माणूस, आणि ज्याच्या घरी हे होऊन गेलंय असा कुणीतरी.

आमची फाइल आज एक्केचाळीस पानांची आहे, मराठीत. सोबत दखनीतले बावीस ध्वनिसंदेश आहेत, बोलणाऱ्यांच्या परवानगीनं; त्या मिरजेकडच्या आपांचाही त्यात आहे. कुणाचं नाव, गाव, नंबर त्यात नाही. ज्यांना गट सुरू करायचा असेल त्यांनी संपादकांकडे कळवावं, मी पाठवतो. योजनेचं पान मात्र वापरण्याआधी एकदा जवळच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखवून घ्या, नियम बदलत असतात.